पत्राचे वजन आणि सॉर्टरचा हात

टपालखात्यांनी पत्रावरचा पत्ता वाचण्याचे काम यंत्राकडे आधी दिले, आणि धावत्या पत्राचे वजन करण्याचे काम मागाहून. श्रोतेहो, हा क्रम जरा उफराटा वाटतो. अक्षर वाचायला शाळा लागते. तराजू तर वाण्याच्या दुकानातले पोरही धरते. मग यंत्राला अवघड ते आधी आणि सोपे ते नंतर का जमावे? या प्रश्नाच्या पोटात टपालकामगाराच्या हाताचा इतिहास दडलेला आहे.

पत्राचा आकार केवळ वजनावर ठरावा, ही कल्पना तशी फार जुनी नाही. इंग्लंडात १८४० पूर्वी अंतर आणि कागदाचे ताव यांवर पैसे घेत. लिफाफा घातला तर तोही एक ताव धरीत. आत किती ताव आहेत हे पाहण्यासाठी कारकून पत्र मेणबत्तीपुढे धरीत असे. १८३७ साली रोलंड हिल या गृहस्थाने एक पुस्तिका लिहून हा सारा व्यवहारच हिशेबाला धरला. लंडनहून एडिंबरोला एक पत्र वाहून नेण्याचा खर्च एका पेनीचा अवघा छत्तिसावा भाग येतो, असे त्याने दाखविले. खरा खर्च होतो तो रस्त्यावर नव्हे, तर पत्र पाहणे, नोंदणे, हिशेब ठेवणे आणि दारोदार वसुली करणे यांत. म्हणजे माणसाच्या श्रमात. आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना हे वाक्य गोड लागते, पण हिलला मजुरी वाढवायची नव्हती. त्याला काम वाचवायचे होते. १० जानेवारी १८४० पासून अर्ध्या औंसाला एक पेनी असा सरसकट दर झाला आणि मेणबत्तीच्या जागी तराजू आला.

आपल्याकडे १८३७ च्या दरांप्रमाणे कलकत्त्याहून मुंबईला एक तोळ्याच्या पत्रास एक रुपया पडे. पुढे १ ऑक्टोबर १८५४ पासून अंतराचा प्रश्न मिटला. देशभर कोठेही पाव तोळ्यास अर्धा आणा, अर्ध्या तोळ्यास एक आणा. यात एक मौज होती. कंपनी सरकारचा रुपया १८० ग्रेन वजनाचा, म्हणजे नेमका एक तोळा. तेव्हा चांदीची पावली हेच पाव तोळ्याचे माप! ज्याच्या गाठीला चार आणे होते त्याच्या घरी टपालाचा काटा होता. ज्याच्या गाठीला नव्हते त्याने पोस्टमास्तर सांगेल ते वजन मान्य करावे.

वजन जास्त आणि तिकीट कमी असले की पत्र नॉटपेड होई, आणि कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट आकार घेणाऱ्याच्या माथी बसे. लिहिणाऱ्याने एक कागद जास्त घालावा आणि गावाकडल्या म्हातारीने त्याचा भुर्दंड भरावा, असा हा न्याय.

आता असे जड पत्र पकडी कोण? खिडकीवरचा बाबू फक्त त्याच्या हाती दिलेली पत्रे तोली. पेटीत पडलेली पत्रे थेट छाननीला जात. तेथे खणांच्या फळीपुढे सॉर्टर उभा. त्याचे डोळे पत्ता वाचीत आणि बोटे वजन वाचीत. संशय आला तेवढेच पत्र तो काट्याकडे टाकी. काट्यावर फार थोडी पत्रे चढत, पण हातात मात्र प्रत्येक पत्र तोलले जाई. या कसबाचा वेगळा मोबदला कोणी मागितला नाही आणि दिलाही नाही.

नंतर यंत्रे आली. ‘ट्रान्सॉर्मा’ नावाचे डच यंत्र १९३५ साली इंग्लंडात ब्रायटनला बसले. कामगार बसून पत्ता वाचीत आणि कळा दाबीत. पत्र आपोआप खणात पडे. कोणाच्या हातून कोणते पत्र चुकले हे कळावे म्हणून प्रत्येक कामगाराची खूण पत्रावर उमटविली जाई. पत्र तोलण्याची सोय त्या यंत्रात नव्हती. माणूस तोलण्याची मात्र होती. १९६५ साली अमेरिकेत डेट्रॉइटला टंकलिखित पत्ता वाचणारे यंत्र सुरू झाले, आणि डोळ्याचेही काम गेले. आपल्या देशात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिनकोड आला. तो योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. छाननीची स्वयंचलित यंत्रे मुंबईत १९९३ ला, चेन्नईत १९९६ ला, दिल्ली व कलकत्त्यास २०१२ ला आली.

हात पत्रापासून सुटला, तसे वजनही सुटले. यंत्र पत्ता पाहते. पत्र जड आहे की हलके याची त्याला खबर नाही. म्हणून गेलेला हात पुन्हा यंत्रातच बसवणे भाग पडले, आणि तेथे खरी अडचण उभी राहिली. तासाला ३६,००० पत्रे म्हणजे सेकंदाला दहा. एका पत्राच्या वाट्याला सेकंदाचा दहावा भाग. तराजूला हवा स्थिरपणा. पारडे हलायचे थांबल्याखेरीज वजन सांगता येत नाही. येथे पट्टा धावतो आहे, यंत्र थरथरते आहे, पाकिटातला कागद आत सरकतो आहे.

यावर दोन वाटा निघाल्या. पहिली अशी : पट्ट्याचा एक लहानसा तुकडा वेगळा करून त्याखाली लोड सेल ठेवायचा. भाराने धातू किंचित वाकतो, त्यावर चिकटविलेली बारीक तार ताणली जाते, तिचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून वजन कळते. ही तारेची युक्ती १९३८ साली अमेरिकेत सिमन्स आणि रूज या दोघांनी स्वतंत्रपणे शोधली. मात्र थरथर गाळून खरा आकडा काढायला वेळ लागतो, आणि वेळच तर नाही.

दुसरी वाट मला अधिक आवडते. हातगाडीवाल्याला माल किती भरला आहे हे विचारा. तो गाडी उचलून पाहत नाही. पहिला धक्का देतानाच त्याला कळते. जड वस्तूचा वेग बदलायला जोर जास्त लागतो. तसेच पत्र दोन रुळांमध्ये धरून त्याचा वेग एकदम बदलायचा आणि मोटारीला किती जोर पडला ते मोजायचे. पृथ्वीच्या ओढीशी येथे संबंधच नाही. मसजिद बंदरच्या हमालाला जे खांद्याने कळते, तेच हे.

आता प्रश्न उरतो सीमेवरचा. दराचा टप्पा २० ग्रॅमला संपतो असे धरा. यंत्रात अर्ध्या ग्रॅमची चूक होत असेल, तर साडेएकोणीस ते साडेवीस ग्रॅममधली पत्रे संशयातली. संशयाचा फायदा पाठवणाऱ्यास द्यायचा की खात्यास, हे यंत्र ठरवीत नाही. त्यात आकडा भरणारा अधिकारी ठरवितो. वाण्याच्या काट्यावर सरकारी शिक्का लागतो आणि गिऱ्हाईक तो पाहू शकते. बंद दाराआड धावणाऱ्या या काट्याचा शिक्का गिऱ्हाइकाने कोठे पाहावा?

दुसरी गोष्ट पोस्टमनची. काही देशांत यंत्रे आता पत्रे पोस्टमनच्या फेरीच्या क्रमानेच लावून देतात. असे यंत्र प्रत्येक पत्र तोलतही असेल, तर कोणत्या फेरीच्या थैलीत आज किती किलो पडणार ही बेरीज त्याला सकाळीच करता येते. २० ग्रॅमची हजार पत्रे म्हणजे २० किलो. खात्याचे येणे किती हे काढण्यासाठी बसविलेल्या काट्यातूनच हा आकडा निघतो. तो बटवड्याच्या खोलीत, पोस्टमनला वाचता येईल अशा जागी रोज लावावा, एवढी मागणी संघटनांनी करायला हरकत नाही.