लावणीच्या दिवसांत पाय सांभाळा : चिखल्यांकडे दुर्लक्ष नको

भातलावणी सुरू झाली की दिवसभर पाय चिखलात. बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडते, खाज सुटते, मग चिरते. यालाच आपण चिखल्या म्हणतो. दुखणं किरकोळ वाटतं, पण उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातले लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशाच चिरांतून अंगात शिरतात.

काय करावे?

• शेतातून आल्यावर पाय साबणाने धुवा, बेचकी कोरडी पुसा. खाज राहिली तर डॉक्टरांकडून बुरशीवरचे मलम घ्या.
• टाचेच्या भेगांना रात्री खोबरेल तेल लावा. ब्लेडने कातडी कापू नका.
• पायाला जखम असेल तर गमबूट घातल्याशिवाय चिखलात उतरू नका.
• मधुमेह असणाऱ्यांनी तळवे रोज बघावेत. पाय बधिर असला तर काटा रुतलेलाही कळत नाही.
• पायात ताकद राहावी म्हणून भिंतीला धरून टाचा उचला, सावकाश खाली टेका. रोज 10 ते 15 वेळा.

ताप, डोकेदुखी, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे, यातलं काही दिसलं तर अंगावर काढू नका. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि चिखलात काम केल्याचं आवर्जून सांगा. वेळेत औषध मिळालं तर माणूस बरा होतो.