तंजावर चित्रांतील जडावकाम

तमिळनाडूतील तंजावर येथे मराठा राजवटीत बहरलेल्या फळीवरील देवचित्रांत काचमणी, खडे व सोन्याचा वर्ख बसवण्याची पद्धत. तुकड्यांच्या झगमगाटामुळे ही चित्रे मोझेइकसारखी भासतात. मात्र रचनेच्या दृष्टीने ती मोझेइकही नव्हेत व लघुमोझेइकही नव्हेत.

मोझेइकमध्ये (कुट्टिमचित्र) दगड, काच किंवा भाजलेल्या मातीचे तुकडे चुन्याच्या ओल्या थरात शेजारी शेजारी रोवतात. इटलीतील राव्हेन्ना येथील सहाव्या शतकातील भित्तिचित्रे याचा उत्तम नमुना होत. ती लांबून पाहायची असल्याने तुकडे किंचित कलते बसवून प्रकाश खेळवला जातो. लघुमोझेइक अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रोममध्ये विकसित झाले. वितळलेल्या काचेची बारीक तार ओढून तिचे कण कापतात व ते तपकिरीच्या डब्या, ब्रोच अशा वस्तूंवर बसवतात. एका चौरस इंचात हजारांहून अधिक कण मावतात. फटी रंगीत मेणाने बुजवून पृष्ठभाग घासून गुळगुळीत करतात, त्यामुळे ते रंगवलेल्या चित्रासारखे दिसते. तुकड्यांनीच चित्र घडवणे हे दोन्हींचे समान तत्त्व होय.

तंजावरची रीत निराळी आहे. फणसाच्या लाकडाच्या फळीवर कापड चिकटवून जमीन तयार करतात; यासाठी चिंचोक्याची खळ वापरण्याची प्रथा होती. तमिळमध्ये अशा चित्राला पलगै पडम, म्हणजे फळीवरील चित्र, असे नाव आहे. रेखाटनानंतर मुकुट, हार, महिरप व खांब यांच्या जागी खडे बसवतात. त्यांभोवती चुनखडीची पूड व डिंक यांच्या लगद्याने उठाव काढून त्यावर वर्ख चढवतात. देह, वस्त्रे व पार्श्वभूमी शेवटी सपाट रंगांनी भरतात. बाळकृष्ण हा सर्वांत लोकप्रिय विषय.

विजयनगर व नायक काळाचा वारसा असलेली ही कला राजू व नायडू समाजांतील चित्रकारांनी जोपासली. दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८–१८३२) यांच्या काळात तिला मोठा आश्रय लाभला.

तुकडे काढून घेतल्यास मोझेइकचे चित्रच नाहीसे होते; तंजावरच्या चित्रातील देवाचे केवळ दागिने उतरतात. म्हणून या कामाला मोझेइक न म्हणता जडावकाम म्हणणे योग्य. तंजावर चित्रांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे.