सुईचे घर

गेल्या पावसाळ्यात आमच्यापैकी एकीच्या कोकणातील घरी माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली गेली. आत आजीचे भरतकामाचे साहित्य होते : रेशमाच्या लडी, कापडी बटवा आणि एक अर्धवट भरलेला रुमाल. शेवटच्या टाक्याजवळ खोवलेली सुई गंजून कापडाशी एकजीव झाली होती. ती ओढताच मोडली आणि रुमालाला तांबूस कडांचे भोक पडले. वस्त्रांच्या इतिहासाविषयी आपण पुष्कळ वाचतो. वस्त्र घडवणारी साधने माणसांनी कशी जपली, याचा इतिहास मात्र आमच्या वाचनात फारसा आलेला नाही.

लोखंड गंजण्यास हवा आणि पाणी दोन्ही लागतात. समुद्राकाठच्या हवेतील मीठ त्या क्रियेस गती देते. कोकणात वर्षाकाठी २५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथे सुती दोरा ओलावा शोषतो, त्यावर बुरशी धरते. जरीतील चांदी हवेतील गंधकाच्या संयुगांमुळे काळवंडते आणि दमटपणा त्यात भर घालतो. म्हणजे सुई, दोरा आणि जर यांच्या व्याधी वेगळ्या असल्या, तरी त्यांचे मूळ बव्हंशी एकच आहे.

यावरचे घरगुती उपाय कुणा ग्रंथातून आलेले नाहीत. सुई तेलकट चिंधीत गुंडाळावी, शिवताना ती केसांतून फिरवावी, दोऱ्याला मेण लावावे, जरीचे वस्त्र मऊ सुती फडक्यात बांधावे, पाऊस सरला की सारे बाहेर काढून वारा द्यावा. वेखंड आणि कडुलिंबाचा पाला पेटीत असे, तो कसरीसाठी. ओलाव्यावर त्याचा इलाज चालत नाही. हा भेद जाणणाऱ्या बायकांना कुणी रसायनशास्त्र शिकवले नव्हते.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील रेडिच हे गाव सुयांच्या उत्पादनाचे जगातील प्रमुख केंद्र होते. १८६९ साली सुएझ कालवा खुला होण्यापूर्वी इंग्लंडहून मुंबईकडे येणारा माल आफ्रिकेला वळसा घालून, कित्येक आठवडे खाऱ्या हवेत प्रवास करी. सुया गडद कागदात घट्ट गुंडाळण्याची रीत होती, ती गंजाच्या धास्तीने. तिकडच्या घरांत कुरुंदाची पूड भरलेली स्ट्रॉबेरीच्या आकाराची लहानशी उशी असे. तीत सुई खुपसून गंज घासून काढीत. ही उशी सुई स्वच्छ करण्यासाठी. तिचे घर लोकरीच्या उशीत, कारण लोकरीत नैसर्गिक स्निग्धता असते. त्याच शतकात मुंबईत चंदनी लाकडावर हस्तिदंत, शिसवी आणि कथील यांचे बारीक जडावकाम केलेल्या शिवणपेट्या घडत आणि इंग्लंडला जात. मुंबईच्या हवेत बसवलेले ते तुकडे कोरड्या, उबदार दिवाणखान्यात सुटू लागत. अशा रीतीने जपणाऱ्या पेटीलाच जपण्याची वेळ येई.

येथे नामदेवांचे स्मरण होते. गुरु ग्रंथसाहिबातील आसा रागातल्या त्यांच्या पदात मन हा गज आहे, जीभ कात्री आहे, सुई सोन्याची आणि दोरा रुप्याचा आहे. वर्गात आम्ही या रूपकाचा अर्थ ‘मौल्यवान भक्ती’ असा सांगत आलो. तो चुकीचा नाही. परंतु ज्याच्या घरात सुई रोजची होती, त्याला लोखंड गंजते हे ठाऊक असणारच. सोन्याला गंज चढत नाही. रुपे काळवंडते, पण घासले की पुन्हा उजळते. पदाचा हा अर्थ कवीला अभिप्रेत होता असा आमचा दावा नाही. मात्र शिंप्याच्या घरातून वाचले, तर तो दिसतो आणि नामस्मरणाच्या नित्य घासण्याशी जुळतोही.

साहित्याच्या अभ्यासात आपण प्रतिमा पाहतो, त्या प्रतिमेमागची वस्तू विसरतो. आजीने रुमालातली सुई काढून तेलाच्या चिंधीत का ठेवली नाही? ज्या बाईला हे सारे ठाऊक होते, तिने ती सुई उद्या पुन्हा हाती घ्यायची म्हणूनच तेथे खोवली असावी. तो गंजाचा डाग धुऊन काढायचा नाही, असे आम्ही ठरवले आहे.