पंचाहत्तर टक्क्यांची कुळकथा

जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे. १९६०च्या दशकात बांधलेल्या या धरणात एकूण सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर पाणी मावते. त्यातले सुमारे ८१० वापरता येते, उरलेला मृतसाठा. पायथ्याशी २२.५ मेगावॉटचे वीजघर आहे, खाली सिद्धेश्वरचे धरण, आणि तिथून निघालेल्या कालव्यांवर हिंगोली, परभणी, नांदेडची शेती. एवढे मोठे भांडे बांधायचे तर अभियंत्याला आधीच एक प्रश्न सोडवावा लागतो: दरसाल पाणी किती येईल? यंदाचा पाऊस कोणालाच ठाऊक नसतो, तरी उत्तर आकड्यातच द्यावे लागते. म्हणून आपल्याकडच्या सिंचन प्रकल्पांच्या कागदांवर ‘७५ टक्के विश्वासार्हतेचा येवा’ असे शब्द येतात. या पंचाहत्तर टक्क्यांचे कूळ शोधत गेले तर मूळपुरुष भेटतात ते जुगाराच्या पटावर.

फासे आपल्याकडेही जुनेच. महाभारताच्या वनपर्वात ऋतुपर्ण राजा धावत्या रथातून बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे किती ते सांगतो आणि नळाला अक्षविद्या देतो. मोजणीचे शास्त्रही पक्के होते. ११५०च्या ‘लीलावती’त भास्कराचार्य विचारतात, वाड्याला आठ झरोके असतील तर ते एकेक, दोन-दोन, तीन-तीन असे किती तऱ्हांनी उघडता येतील? उत्तर २५५. मात्र एकूण तऱ्हांपैकी आपल्या सोयीच्या किती, असा भागाकार करून संभव काढणे ‘लीलावती’त येत नाही.

तो भागाकार सोळाव्या शतकात इटलीच्या कार्दानोने मांडला. तो स्वतः जुगारी होता आणि त्याचे पुस्तक छापले गेले ते मृत्यूनंतर, १६६३ साली. तोवर १६५४मध्ये पास्काल आणि फर्मा यांचा प्रसिद्ध पत्रव्यवहार होऊन गेला होता. द मेरे नावाच्या सरदाराचे कोडे त्यात आहे. एक फासा चार वेळा टाकला तर निदान एकदा सहा पडेल यावर पैज लावणे फायद्याचे ठरते. मग दोन फासे चोवीस वेळा टाकून निदान एकदा दोन्हींवर सहा पडतील, ही पैज तोट्याची का?

‘निदान एकदा’ सरळ मोजू गेले की गुंता होतो, कारण एकदा, दोनदा, तीनदा अशा सगळ्या शक्यता जमेस धराव्या लागतात. उलट बाजूने गेले की हिशेब दोन ओळींत आटोपतो. एकदाही सहा न पडण्याचा संभव एका टाकीत ५/६. चार टाकींत तो चार वेळा स्वतःशी गुणायचा, म्हणजे ६२५/१२९६. हे एकातून वजा केले की उरते ०.५१८, निम्म्याहून जरासे जास्त. दुसऱ्या पैजेत ३५/३६ चोवीस वेळा गुणून वजा केले की ०.४९१. पैज हरण्याचे कारण एवढेच.

याकोब बर्नुलीच्या १७१३च्या ग्रंथाने ही विद्या पटावरून उठवली. फाशाला सहा बाजू असतात हे आधीच माहीत असते. पावसाच्या बाजू कोण मोजणार? बर्नुलीने सिद्ध केले की नोंदी वाढत गेल्या की अनुभवातून काढलेले प्रमाण खऱ्या संभवाच्या जवळ जाते. १९१४मध्ये अमेरिकी पाणी-अभियंता ॲलन हेझन याने जलाशयाचा साठा ठरवायला नदीच्या वार्षिक प्रवाहांवर हाच विचार लावला. भारतात प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९२०च्या दशकात उत्तर बंगाल आणि ओडिशातल्या पुरांचा असाच नोंदींवरून अभ्यास केला. ओडिशात नदीचा तळ वर आला म्हणून बांध उंच करा, असे अभियंत्यांचे मत होते. तळ बदललेला नाही, पाऊसच मोठा होता, हे महालनोबिसांनी आकड्यांनी दाखवले.

आज ही रीत अशी चालते. समजा ३९ वर्षांचे येवे हाती आहेत. ते मोठ्याकडून लहानाकडे उतरत्या क्रमाने मांडायचे आणि क्रमांकाला एकूण वर्षे अधिक एक, म्हणजे ४०ने भागायचे. तिसावा येवा ३०/४०, म्हणजे ७५ टक्के विश्वासार्हतेचा. चारपैकी तीन वर्षे निदान एवढे पाणी येईल, असा त्याचा अर्थ. कृष्णेच्या पाणीवाटपात बच्छावत लवादाने १९७३ साली ७८ वर्षांच्या नोंदींवरून ७५ टक्क्यांनाच २०६० टीएमसी पाणी धरले. नंतरच्या ब्रिजेशकुमार लवादाने २०१०मध्ये हिशेब ६५ टक्क्यांवर आणला. टक्का उतरला की वाटायला पाणी वाढते, आणि तुटीची वर्षेही वाढतात.

आता द मेरेचे कोडे धरणाला घाला. दरसाल तूट न येण्याचा संभव ३/४. चारही वर्षे तुटीविना जाण्याचा ८१/२५६, म्हणजे सुमारे ३२ टक्के. म्हणजे चार वर्षांत निदान एकदा तूट येण्याचा संभव ६८ टक्के! आणि ठरावीक दोन वर्षे लागोपाठ तुटीची जाण्याचा १/१६. पूररेषेलाही हाच न्याय. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची धरतात. त्या रेषेच्या आत घर बांधणाऱ्याला पंचवीस वर्षांत निदान एकदा तसा पूर बघावा लागण्याचा संभव ६४ टक्के निघतो.

या हिशेबाला एक अट आहे. फाशाला मागची टाक आठवत नाही, नदीचे तसे नसते. कोरडी वर्षे पुष्कळदा जोडीने येतात, त्यामुळे खरा धोका १/१६पेक्षा मोठा असू शकतो. शिवाय वरच्या अंगाला बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णाचे धरण झाले, तेव्हा येलदरीचा फासाच बदलला. जुन्या नोंदींवरून काढलेले टक्के त्यानंतर तसेच्या तसे चालवता येत नाहीत. येव्याची यादी नव्याने मांडावी लागते.

म्हणून तुटीचे वर्ष आले की ‘धरण फसले’ म्हणण्यात अर्थ नाही. चारातले एक वर्ष तुटीचे, हे योजनेच्या पहिल्याच पानावर मान्य केलेले असते. त्या वर्षी पिण्याला किती, उसाला किती, रब्बीला किती, हे धरण भरलेले असतानाच ठरायला हवे. आणि परभणी-जिंतूरच्या महाविद्यालयांत संभाव्यता शिकवणाऱ्यांनी नाणी-पत्ते जरा बाजूला ठेवून येलदरीच्या वार्षिक येव्याचा तक्ता फळ्यावर लिहावा. विद्यार्थ्यांच्या घरचे पाणी त्याच गणितावर ठरते.