पोरक्या मुलाचा जाब कोण देणार ?

ज्या मुलास आईबाप नाहींत त्याचा सांभाळ कोणीं करावा, हा प्रश्न आपण नेहमींच विचारतों. आज मी आपल्यापुढें त्याच्या पुढचा प्रश्न ठेवणार आहें : सांभाळ करणाऱ्यास जाब कोणीं विचारावा ? मुलाला आसरा देणें हें दयेचें काम होय. त्या आसऱ्याला तें सुखरूप आहे कीं नाहीं हें पाहणें हें राज्यसत्तेचें काम होय. हा भेद समाजाच्या ध्यानीं यावयास फार काळ लागला.

महाराष्ट्रांत आरंभ दयेनेंच झाला. १८६३ सालीं पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं बालहत्या-प्रतिबंधक गृह उघडलें. १८७५ सालीं प्रार्थनासमाजाच्या मंडळींनीं पंढरपुरास अनाथ बालकाश्रम काढला. १८९६-९७ च्या दुष्काळांत पंडिता रमाबाई मध्यप्रांतांत हिंडल्या आणि निराधार मुलींना आपल्याबरोबर घेऊन आल्या. पुढें १८९९-१९०० च्या दुष्काळानें तर आमचें वऱ्हाडही होरपळून निघालें. कापसाच्या पैशावर सुखावलेल्या अमरावती-अकोल्याच्या मुलखांत माणसें अन्नाला महाग झालीं. अशा वेळीं कोणी एखादें पोर उचलून घरीं नेलें तर तो उपकारच वाटे. पुढें त्या पोराच्या वांट्याला माया आली कीं नुसतें राबणें आलें, ही चौकशी कोण करणार ?

पालक व पाल्य यांचा कायदा १८९० सालीं झाला होता. परंतु अर्ज आल्यावांचून न्यायालय पालक नेमीत नसे, आणि बेवारशी पोरासाठीं अर्ज करण्याची तसदी सहसा कोण घेतो? मुलांसाठीं स्वतंत्र कायदे मुंबई इलाख्यानें १९२४ सालीं व मध्यप्रांतानें १९२८ सालीं केले. तेव्हांपासून मुलाची जबाबदारी सरकारची, हें तत्त्व निदान कागदावर तरी आलें.

कागद आणि व्यवहार यांत किती अंतर असतें, हें इंग्लंडनें १९४५ सालीं पाहिलें. न्यूपोर्ट येथील नगरसभेनें डेनिस ओनील नांवाचा बारा वर्षांचा मुलगा श्रॉपशायरमधील एका शेतकऱ्याच्या घरीं सांभाळावयास दिला होता. उपासमार आणि मारहाण यांनीं तो त्या घरांतच मेला. सर वॉल्टर मॉंक्टन यांनीं चौकशी केली, तेव्हां देखरेखीची हयगय उघडकीस आली. मुलगा पाठविणारी सत्ता एक, तो राहत होता तेथील सत्ता दुसरी. दोहोंच्या मध्यें मूल मात्र एकटें पडलें. १९४६ सालीं कर्टिस समितीचा अहवाल आला, आणि १९४८ च्या कायद्यानें प्रत्येक स्थानिक सत्तेस मुलांसाठीं स्वतंत्र अधिकारी नेमणें भाग पडलें.

आपल्याकडे १९७६ सालीं राज्यघटनेच्या ३९ व्या कलमांत दुरुस्ती होऊन बालपणाचें शोषणापासून रक्षण करणें हें राज्याचें धोरण ठरलें. १९९२ सालीं भारतानें बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला. २०१५ च्या बालन्याय कायद्यानें जिल्ह्याची बालकल्याण समिती ही या कामाची धुरा ठरली. मूल दुसऱ्या कुटुंबांत ठेवलें तर समितीनें दरमहा त्या घराची पाहणी करावी, आणि घर अयोग्य दिसल्यास मूल तेथून हलवावें, असें त्यांत स्पष्ट लिहिलें आहे. २०१७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें प्रत्येक बालगृहाची नोंदणी वर्षअखेरपर्यंत करण्याचा व संस्थांच्या सामाजिक लेखापरीक्षणाचा आदेश दिला. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेचें अनुदान २०२३ सालीं दरमहा २,२५० रुपये झालें.

परंतु पैसा पोहोंचला म्हणजे माणूस पोहोंचला असें नव्हे. अचलपूर तालुक्यांतील वझ्झर येथें शंकरबाबा पापळकर यांनीं शंभराहून अधिक बेवारस, अपंग मुलांना बाप म्हणून स्वतःचें नांव दिलें. २०२४ सालीं सरकारनें त्यांना पद्मश्री दिली. नियमाप्रमाणें मात्र अठरा वर्षें पुरीं होतांच मुलानें बालगृह सोडावयाचें ! जें मतिमंद आहे, ज्याला दिसत नाहीं, त्यानें जावें तरी कोठें ? हा प्रश्न त्यांनीं वर्षानुवर्षें सरकारपुढें मांडला. एका पुण्यशील माणसाच्या जिवावर हें काम सोंपविणें म्हणजे सरकारनें आपलें कर्तव्य उसनें देणें होय.

दरमहाची पाहणी खरोखर होते काय, तिची नोंद कोण वाचतो, आणि पाहणी चुकली तर कोणाला जाब द्यावा लागतो, हे तीन प्रश्न प्रत्येक सुजाण नागरिकानें आपल्या जिल्ह्याच्या समितीस विचारले पाहिजेत. आईबाप असलेल्या मुलासाठीं शेजारीपाजारीही चार शब्द बोलतात. पोरक्या मुलाच्या वतीनें बोलण्यास सरकारखेरीज कोणी नसतें. म्हणून सरकारला बोलावयास लावणें हें आपलें काम आहे.