ज्या सरोवराला सीमारेषाच नाही

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने मला जिन्यातच गाठलं आणि विचारलं, "सर, पाण्यावरून भांडणं झाल्याचा इतिहास ढीगभर आहे. पाणी मिळून सांभाळल्याचा इतिहास कुठे आहे का हो?" मी घाईत होतो, "आहे" म्हणून मोकळा झालो. नुसतं "आहे" म्हणून भागत नाही, म्हणून आज तेवढाच विषय घेतो.

युरोपात आल्प्सच्या उत्तर पायथ्याशी एक सरोवर आहे. इंग्रजीत त्याला लेक कॉन्स्टन्स म्हणतात, जर्मनमध्ये बोडेनझे. क्षेत्रफळ सुमारे ५३६ चौरस किलोमीटर, सर्वांत खोल जागी २५० मीटरच्या आसपास पाणी. ऱ्हाइन नदी एका टोकाने आत शिरते आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडते. उत्तरेला जर्मनी, दक्षिणेला स्वित्झर्लंड, पूर्वेच्या टोकाला ऑस्ट्रिया. आता नकाशा काढा आणि या सरोवरातली आंतरराष्ट्रीय सीमा शोधा. पश्चिमेकडच्या लहान भागात, कॉन्स्टन्स शहराच्या आसपास, ती एकोणिसाव्या शतकातच करारांनी ठरली आहे. पण मोठ्या भागात, ज्याला वरचं सरोवर म्हणतात, तिथे ती नाही. पुसली गेलेली नाही हं, मुळात आखलीच गेलेली नाही.

स्वित्झर्लंडचं म्हणणं, सीमा पाण्याच्या मधोमध जाते. ऑस्ट्रियाचं म्हणणं, काठालगतचा उथळ पट्टा ज्याचा त्याचा आणि पुढचं खोल पाणी तिघांच्या सामाईक मालकीचं. जर्मनीने आजवर नि:संदिग्ध भूमिकाच घेतलेली नाही. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याला याहून चांगलं उदाहरण कुठे मिळणार! वारा, वाहतं पाणी आणि समुद्र या वस्तू निसर्गतः सर्वांच्या, असं रोमन कायदेपंडित सांगत. वर्गात हे वाक्य मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं. मुलं उतरवून घ्यायची. पण सर्वांचं म्हणजे घाण झाल्यावर कोणाचं, हा प्रश्न ना त्यांनी विचारला, ना मी.

तो प्रश्न या सरोवराने विसाव्या शतकाच्या मध्यावर विचारला.

त्याआधी एक गोष्ट सांगितली पाहिजे. सहकार्याची सवय इथे जुनी होती. १८९३ साली काठावरच्या राज्यांनी ब्रेगेन्झ इथे मासेमारीचा करार केला होता. जाळ्याची आसं केवढी असावीत, कोणत्या दिवसांत मासा धरायचा नाही, असल्या गोष्टी. सरहद्द कुठे आहे हे न ठरवता माशांचे नियम ठरले, कारण मासा काही सरहद्द पाहून पोहत नाही. लोकांचं येणंजाणंही तसंच. फार कडक हिवाळ्यात सगळं सरोवर गोठतं. मग संत जॉन यांचा लाकडी अर्धपुतळा बर्फावरून मिरवत पलीकडच्या गावी नेण्याची प्रथा आहे. १८३० साली तो जर्मन काठावरच्या हागनाऊला गेला. तिथून परत न्यायला १९६३ उजाडावं लागलं, तेव्हा तो स्विस काठावरच्या म्युन्स्टरलिंगनला आला. आजही तो तिथेच आहे, सरोवर पुन्हा पूर्ण गोठायची वाट पाहत.

तर आता घाणीकडे वळू. दुसऱ्या महायुद्धानंतर काठावरची गावं वाढली, घराघरांत संडासाला पाण्याची टाकी आली, धुण्याची पावडर आली. त्या पावडरीत फॉस्फेट असायचं. फॉस्फरस म्हणजे आपले शेतकरी ज्याला स्फुरद म्हणतात तेच. शेतात ते पीक वाढवतं, पाण्यात शेवाळ. शेवाळ मरतं, तळाला बसतं, तिथे ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. प्राणवायू संपला की तळाच्या गाळात अडकून पडलेलं स्फुरद पुन्हा पाण्यात सुटतं, म्हणजे सरोवर स्वतःच स्वतःला खत घालू लागतं. पन्नासच्या दशकापूर्वी इथे हजार लिटर पाण्यात दहा मिलिग्रॅमहूनही कमी स्फुरद होतं. १९७९ च्या सुमाराला ते ऐंशीच्या पुढे गेलं. तळाच्या थंड अंधारात राहणारी किल्श नावाची माशाची एक जात त्या काळात कायमची नाहीशी झाली.

पण लोक जागे झाले ते माशासाठी असं मला वाटत नाही. मला वाटतं, ते पिण्याच्या पाण्यासाठी जागे झाले. सेंट गॅलन शहर १८९५ पासून सरोवराचं पाणी पीत होतं. स्टुटगार्टच्या बाजूच्या नगरपालिकांनी १९५४ साली एकत्र येऊन पाणीपुरवठा संस्था काढली आणि चार वर्षांनी डोंगर ओलांडून पाणी शंभराहून अधिक किलोमीटर लांब नेलं. आता गंमत पाहा. ज्याच्या नळाला ते पाणी येतं तो माणूस काठावर राहतच नाही, आणि ज्याचं सांडपाणी त्यात जातं तो दुसऱ्या देशात राहतो. इथे मालकीचा वाद घालत बसणं परवडणारं नव्हतं.

१९५९ मध्ये काठावरच्या राज्यांनी सरोवराच्या रक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय आयोग नेमला आणि ऑक्टोबर १९६० मध्ये श्टेकबोर्न या छोट्या स्विस गावात त्याचा करार झाला. या आयोगाचे अधिकार काय? फार थोडे. तो पाण्याची तपासणी करवून घेतो, प्रदूषणाची कारणं शोधतो आणि सर्वांच्या एकमताने शिफारस करतो. दंड करण्याचा अधिकार नाही, कारखाना बंद करण्याचा नाही. शिफारस आपापल्या कायद्यात बसवून अमलात आणायची, हे ज्याने त्याने बघायचं. आपल्याकडच्या कोणत्याही मुरलेल्या वकिलाला हा मसुदा दाखवला असता तर तो हसला असता. मीही पहिल्यांदा वाचला तेव्हा हसलोच होतो.

आता दुसऱ्या एका पाण्याकडे जरा वळतो, कारण तुलना केल्याशिवाय हसणं थांबत नाही. अमेरिका आणि कॅनडा यांच्यामधल्या पंचमहासरोवरांत सीमा स्वच्छ आखलेली आहे. १९०९ च्या सीमाजल करारात एक कलमही आहे, की एका बाजूने पाणी असं दूषित करू नये की दुसऱ्या बाजूच्या आरोग्याला किंवा मालमत्तेला इजा होईल. संयुक्त आयोगही होता. रेषा होती, कलम होतं, आयोग होता, आणि तरी साठच्या दशकात वर्तमानपत्रांनी ईरी सरोवर 'मेलं' असं जाहीर केलं. ईरीला मिळणाऱ्या कायाहोगा नदीवरच्या तेलाच्या तवंगाला १९६९ मध्ये आग लागली. पाण्याच्या गुणवत्तेचा खरा करार व्हायला १९७२ उजाडलं, म्हणजे त्या कलमानंतर त्रेसष्ट वर्षं. तिथेही पहिलं काम हेच होतं, स्फुरद कमी करणं. (आणि ते पुरतं संपलेलं नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये शेवाळाच्या विषामुळे टोलेडो शहरात नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. या वेळी स्फुरद मुख्यतः शेतांतून आलं होतं.)

बोडेनझेवर काय झालं? १९६७ साली आयोगाने सांडपाण्याची मार्गदर्शक तत्त्वं ठरवली. मग गावोगावी गटारं, प्रक्रिया केंद्रं, त्यांत स्फुरद काढण्याची सोय. १९८६ मध्ये स्वित्झर्लंडने कपडे धुण्याच्या पावडरीतल्या फॉस्फेटवर बंदीच घातली. या सगळ्यावर काठावरच्या देशांनी मिळून चार अब्ज युरोंहून जास्त पैसा घातला आहे. म्हणजे अधिकार नसलेल्या आयोगाने हे करवून घेतलं. कसं? एक कारण मला दिसतं ते असं, की मोजमाप एकत्र होतं. सर्वांपुढे एकच आकडा ठेवला जायचा. आमच्या प्रयोगशाळेत एवढं आलं, तुमच्यात तेवढं, हा वादच उरला नाही. तर्कशास्त्राच्या भाषेत, आधारविधान मान्य झालं होतं. दुसरं कारण कमी उदात्त आहे. हे देश श्रीमंत होते आणि काठावरची सगळी मंडळी जर्मन बोलत होती. हे न सांगता ही कथा सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. आपल्याकडे कृष्णेच्या पाण्यासाठी १९६९ साली लवाद नेमला, त्याच्यापुढे मुख्य प्रश्न होता कोणाला किती टीएमसी. पाणी कमी असलं की माणूस आधी वाटा मागतो. त्याला मी दोष देणार नाही.

आज या सरोवरात हजार लिटरमागे सहा ते आठ मिलिग्रॅम स्फुरद आहे, म्हणजे पुन्हा पूर्वीइतकं. खोल पाण्यातला एक मासा, ज्याला नामशेष ठरवलं होतं, काही वर्षांपूर्वी पुन्हा जाळ्यात सापडला. इथे माझं व्याख्यान आनंदात संपवता आलं असतं. पण मच्छीमार संपवू देत नाहीत.

त्यांचं म्हणणं, पाणी इतकं स्वच्छ केलंत की माशाला खायला काही उरलं नाही. फेल्शेन हा इथला मुख्य मासा, त्याचं उत्पन्न कोसळलं. थोडं स्फुरद राहू द्या, अशी मागणी त्यांनी केली. आयोगाने मानली नाही. मधल्या काळात काट्यांचा एक छोटा मासा खोल पाण्यात पसरला, तो फेल्शेनचं खाद्यही खातो आणि पिल्लंही. २०१६ मध्ये क्वाग्गा नावाचा परका शिंपला सापडला. तो पाणी गाळून त्यातलं सूक्ष्म खाद्य संपवतो आणि पाणीपुरवठ्याच्या पाइपांमध्ये थर करून बसतो. शेवटी २०२४ च्या सुरुवातीपासून तीन वर्षं फेल्शेन धरायलाच बंदी आली, आणि ही बंदी घातली ती १८९३ च्या कराराची परंपरा चालवणाऱ्या परिषदेने.

साठ वर्षांपूर्वी 'चांगलं पाणी' म्हणजे काय यावर कोणाचा मतभेद नव्हता, मतभेद होता तो खर्चाचा. आता पिणाऱ्याचं चांगलं पाणी आणि जाळं टाकणाऱ्याचं चांगलं पाणी वेगळं निघालं आहे, आणि ते दोघे बहुधा एकाच देशाचे नागरिक आहेत. एकमताने चालणाऱ्या आयोगाकडे या भांडणासाठी काही यंत्रणा आहे का? देशादेशांसाठी आहे. कोळी आणि नळवाला यांच्यासाठी मला तरी ती दिसत नाही. माझा कल कुठे, असं विचाराल तर आयोगाच्या बाजूने. पण मी नळवाला आहे, कोळी नाही, हे लक्षात घेऊन माझं मत ऐका.

इथे थांबतो. ज्यांनी जिन्यात गाठलं होतं ते आले असतील तर पहिला प्रश्न त्यांचा.