उत्तर समुद्रावरचा उन्हाळा आणि प्रवाशाची ट्रंक

नॉर्वेच्या उत्तर टोकाला, मागरॉय बेटावर, समुद्रातून सरळ उभा राहिलेला 307 मीटर उंचीचा कडा आहे. त्याचे नाव नॉर्थ केप. तिथवर मोटार जाईल असा रस्ता 1956 साली झाला. त्याआधीचे प्रवासी आगबोटीने यायचे, कड्याच्या कुशीतल्या हॉर्नविका नावाच्या लहानशा खाडीत होडीने उतरायचे आणि मध्यरात्रीचा सूर्य पाहायला खड्या वाटेने वर चढायचे. होडीत बसताना वारा झोंबतो म्हणून अंगावर जाड ओव्हरकोट असायचा. अर्ध्या चढावर घामाच्या धारा लागायच्या, मग तो कोट काढून हातावर घ्यायचा. माथ्यावर पोहोचले की समोर झाडाचाही आडोसा नसलेले उघडे पठार, आणि घामाने भिजलेल्या सदऱ्यावर थेट ध्रुवाकडून येणारा वारा. त्यात धुके दाटले तर ज्याच्यासाठी एवढा आटापिटा केला तो सूर्यही दिसायचा नाही.

तास-दोन तासांत तीन ऋतू अंगावर घेणाऱ्या माणसाने घरून निघताना बरोबर काय घ्यावे? उत्तर युरोपच्या उन्हाळी जलप्रवासाला हा प्रश्न पहिल्या दिवसापासून चिकटला. त्याचे चांगले उत्तर त्याच किनाऱ्यावरच्या मासेमारांकडे आधीपासून होते. ते प्रवाशांच्या ट्रंकेत पोहोचायला मात्र जवळजवळ शंभर वर्षे लागली.

उत्तरेकडे हौसेने जाणाऱ्यांत लॉर्ड डफरिन यांचे नाव आधी घ्यावे लागते. हेच डफरिन पुढे 1884 ते 1888 या काळात हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. 1856 च्या उन्हाळ्यात ते ‘फोम’ नावाच्या छोट्या शिडाच्या जहाजातून आइसलँड, यान मायेन आणि स्पिट्सबर्गेनला गेले. यान मायेनजवळ त्यांना बर्फाने आणि धुक्याने गाठले. बराच वेळ काहीच दिसेना, आणि मग धुक्याचा पडदा फाटून बेरेनबर्गचे बर्फाच्छादित शिखर एकदम वर आकाशात प्रकटले. या प्रवासावरचे त्यांचे पुस्तक 1857 साली आले आणि खूप वाचले गेले. उत्तरेचा उन्हाळा सुंदर असतो आणि त्याचा भरवसा नसतो, या दोन्ही गोष्टी इंग्रजी वाचकांच्या मनात त्या पुस्तकाने पक्क्या केल्या.

मग गर्दी वाढत गेली. 1873 साली स्वीडन-नॉर्वेचा राजा दुसरा ऑस्कर नॉर्थ केपवर चढला. 1875 साली थॉमस कुक कंपनीने तिथली पहिली सहल नेली. 1886 साली ऑर्कनी-शेटलंडची वाहतूक करणाऱ्या स्कॉटिश कंपनीने ‘सेंट रॉगन्वाल्ड’ ही आपली बोट उन्हाळ्यात नॉर्वेच्या फ्योर्डांकडे, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्यांकडे, धाडली. तिला मिळालेला प्रतिसाद पाहून दुसऱ्याच वर्षी कंपनीने खास सहलींसाठी ‘सेंट सनिव्हा’ बांधून घेतली. जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेल्म 1889 पासून जवळजवळ दर उन्हाळ्यात आपल्या ‘होहेनझोलर्न’ या जहाजातून नॉर्वेला जाऊ लागला आणि त्याच्यामागोमाग श्रीमंत जर्मन प्रवासीही. 2 जुलै 1893 रोजी कॅप्टन रिचर्ड विथ यांची ‘वेस्टेरोलेन’ ही बोट ट्रॉनहाइमहून हॅमरफेस्टकडे निघाली आणि हुर्टिग्रुटेन, म्हणजे ‘जलद मार्ग’, ही किनाऱ्यालगतची टपालसेवा सुरू झाली. ती आजही चालू आहे.

पुण्यात 1903 साली लोकमान्य टिळकांचा ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. न मावळणारा सूर्य आणि दिवसेंदिवस रेंगाळणारी उषा यांच्या खुणा टिळक वेदमंत्रांत शोधत होते, त्याच वर्षांत युरोपातले हौशी प्रवासी तोच सूर्य पाहायला बोटीचे तिकीट काढत होते. टिळक स्वतः तिकडे गेले नव्हते.

या प्रवाशांचे सामान कसे असे? बोटीच्या खोलीत जागा थोडी, म्हणून बुटकी, पलंगाखाली सरकेल अशी ‘स्टीमर ट्रंक’ निघाली. मोठ्या पेट्या तळघरात जायच्या आणि त्यांवर ‘प्रवासात नको’ अशी चिठ्ठी डकवलेली असायची. हवा बदलली की हवा तो कपडा नेमका तळघरातल्या पेटीत. किनाऱ्यावर उतरून आत जायचे तर वाहन म्हणजे ‘कॅरिओल’, एका माणसाची दोनचाकी घोडागाडी. तिच्या मागच्या फळीवर सामान बांधायचे आणि घोडा परत नेणारा पोऱ्या त्या सामानावरच बसायचा. त्यामुळे तिथे बॅग लहान आणि दणकट असली तरच निभाव लागे.

ट्रंकेत मुख्यतः लोकर असायची आणि ते शहाणपणाचे होते. बायकांसाठी इंग्लंडच्या काऊस बंदरातल्या जॉन रेडफर्न यांनी नौकाविहाराला चालतील असे लोकरी सर्जचे शिवीव पोशाख प्रचारात आणले. रेशीम आणि झालरींच्या त्या जमान्यात असा सुटसुटीत कपडा ही मोठी सोय होती. अडचण होती पावसाची. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी 1823 साली दोन कापडांच्या मध्ये विरघळवलेल्या रबराचा थर देऊन जलरोधक कापड केले. पाणी आत येईना हे खरे, पण घामाची वाफही बाहेर जाईना. सुरुवातीचे ते कापड उन्हात चिकट व्हायचे, थंडीत ताठरायचे आणि त्याला वासही यायचा. थॉमस बरबेरी यांनी 1879 साली गॅबर्डिन काढले. त्यात सूत विणण्याआधीच जलरोधक केलेले असे आणि वीण इतकी घट्ट असे की रबराची गरज पडत नसे. ते हलके होते, हवेशीर होते. पुढे अमुंडसेन आणि शॅकल्टन यांच्या ध्रुवीय मोहिमांनी ते वापरले.

प्रवासी आगबोटीच्या कठड्याला टेकून उभे असत, तेव्हा शेजारून जाणाऱ्या होडीतला कोळी याच हवेत दिवसभर काम करत असे. त्याच्या अंगावर काय होते, ते नीट पाहण्यासारखे आहे.

सर्वांत आत लोकर. लोकरीचा तंतू कुरळा असतो, त्या कुरळेपणात हवा अडकते आणि ती ऊब धरते. शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास 30 टक्के ओलावा पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही. होडी वल्हवण्याचे हातमोजे बायका मुद्दाम फार मोठे विणायच्या आणि मग ते चोळून, मळून, आटवून हाताच्या मापाला आणायच्या. असा मोजा नमद्यासारखा घट्ट होतो, त्यातून वारा जात नाही. समुद्राच्या पाण्यात बुडवून पिळला की तो पुन्हा ऊब देतो. काही ठिकाणी या मोज्याला दोन अंगठे असत. वल्ह्याच्या घर्षणाने तळव्याची एक बाजू झिजली की मोजा उलटा घालायचा आणि दुसऱ्या अंगठ्याने काम चालू ठेवायचे.

लोकरीवर तेलकापड. या कापडाची सर्वांत गाजलेली कहाणी ऑस्लो फ्योर्डच्या काठच्या मॉस गावातली. हेली जुएल हॅन्सन हे व्यापारी जहाजावरचे कॅप्टन होते, वर्षानुवर्षे भिजून काकडलेले. 1877 साली त्यांनी पत्नी मारेन मार्गारेथा यांच्यासह जाडेभरडे लिननचे कापड जवसाच्या तेलात भिजवून कोट, विजारी आणि टोप्या करायला सुरुवात केली. जवसाचे तेल हवेत वाळून घट्ट पापुद्रा धरते, म्हणून कपड्याला तेलाचे हात देत आणि मध्ये वाळवत ठेवत काम चालायचे. तेलकापडाचा पिवळसर रंग त्या तेलाचाच. सोबतच्या ‘साउथवेस्टर’ टोपीची कड मागे लांब आणि पुढे आखूड असते, म्हणजे डोक्यावरचे पाणी कॉलरच्या बाहेरून पाठीवर ओघळते, मानेत शिरत नाही. 1878 च्या पॅरिस प्रदर्शनात या मालाला बक्षीस मिळाले आणि पहिल्या पाच वर्षांत सुमारे 10,000 नग विकले गेले.

आत ऊब धरणारी लोकर, बाहेर पाणी अडवणारे कवच, आणि दोन्ही वेगवेगळे. पाऊस थांबला की कवच काढायचे, वारा सुटला की चढवायचे. साहेबाच्या ओव्हरकोटात ऊब आणि आडोसा एकत्र शिवलेले होते, म्हणून तो एक तर पूर्ण अंगावर असे नाही तर पूर्ण हातावर. सारा फरक इथे होता.

हवा इतकी का फिरते, हे कळायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले, आणि ते कळले नॉर्वेतल्याच बर्गन शहरात. बर्गनमध्ये वर्षाला साधारण मुंबईइतकाच पाऊस पडतो. मुंबईत तो चार महिन्यांत कोसळतो, बर्गनमध्ये वर्षातले दोनशेहून अधिक दिवस थोडाथोडा पडत राहतो. कोकणावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात तसे अटलांटिकवरून आलेले ओले वारे तिथल्या डोंगरांना अडतात. विल्हेल्म बियर्कनेस हे भौतिकशास्त्रज्ञ 1917 साली या शहरात आले. महायुद्ध चालू होते. नॉर्वे तटस्थ असला तरी धान्याची आयात अडली होती आणि ब्रिटनकडून तारेने येणारी हवामानाची माहिती बंद झाली होती. शेतकऱ्यांना हंगामात अंदाज देता यावा म्हणून 1918 च्या उन्हाळ्यात बियर्कनेस यांनी पश्चिम किनाऱ्यावर निरीक्षकांचे दाट जाळे उभे केले.

त्या नोंदींतून त्यांचा मुलगा याकोब आणि सहकाऱ्यांना दिसले की ध्रुवाकडची थंड हवा आणि दक्षिणेची उबदार हवा सहजी मिसळत नाहीत, एका रेषेवर एकमेकींना भिडतात. त्या रेषेला त्यांनी युद्धाच्या बातम्यांतला ‘फ्रंट’, म्हणजे आघाडी, हा शब्द दिला. या रेषेवर भोवरे तयार होतात आणि एकामागून एक पूर्वेकडे सरकतात. असा एक भोवरा डोक्यावरून जाताना आधी उंच, पातळ ढग येतात आणि सूर्याभोवती खळे पडते. मग ढग खाली उतरून संथ रिमझिम लागते. मध्ये काही तास हवा उबदार आणि दमट होते. नंतर एकदम वाऱ्याचा झोत, जोराची सर, आणि तिच्यामागे धुऊन काढलेले निळे आकाश व बोचरी थंडी. हा सगळा फेरा दिवसा-दीड दिवसात आटोपतो. प्रवाशाला जो लहरीपणा वाटे त्यालाही क्रम होता, हे बर्गनने जगाला दाखवले. आजच्या हवामानशास्त्राचा पाया त्यातूनच घातला गेला.

कोळ्याची रीत प्रवाशाच्या कपाटात आली ती यानंतर, कारखान्यांच्या वाटेने. मॉसच्या त्या हॅन्सन यांच्याच कंपनीने 1961 साली केसाळ, हलके ‘फायबरपाइल’ बाजारात आणले आणि 1970 च्या दशकात पॉलिप्रॉपिलीनची आतली बनियन, जी घाम शोषून न घेता बाहेर ढकलते. अमेरिकेत 1969 साली बॉब गोर यांनी टेफ्लॉनची कांडी झटक्यात ताणली आणि सूक्ष्म छिद्रांचा पदार्थ हाती आला. त्या छिद्रांतून पाण्याचा थेंब जात नाही, वाफ जाते. त्यापासून केलेल्या गोरटेक्सचे कोट काही वर्षांत दुकानात आले. मॅकिंटॉशची दीडशे वर्षांपूर्वीची अडचण अशी सुटली. घाम बाहेर टाकणारा थर, ऊब धरणारा थर, वारा-पाऊस अडवणारा थर: गिर्यारोहकांनी आणि सहल कंपन्यांनी पुढे शिकवलेली ही त्रिसूत्री म्हणजे होडीतल्या माणसाचाच पोशाख, फक्त कापड नवे. नॉर्वेतली मुले लहानपणी जी म्हण ऐकतात तिचा अर्थही हाच: हवा वाईट नसते, कपडे वाईट असतात. तिकडच्या भाषेत हवेला ‘वॅर’ आणि कपड्यांना ‘क्लॅर’ म्हणतात, त्यामुळे म्हणीला यमकही जुळते.

आता महाराष्ट्रातूनही दर उन्हाळ्यात पुष्कळ लोक स्कँडिनेव्हियाला आणि फ्योर्डांच्या क्रूझला जातात. मुंबईतला जूनचा उकाडा सोडून ते निघतात आणि ‘युरोपातला उन्हाळा’ या शब्दांवर भरवसा ठेवतात. तो भरवसा दोन्ही बाजूंनी फसतो. नॉर्थ केपवर जुलैची सरासरी 10 अंश सेल्सियसच्या आसपास असते. त्याच सफरीत कोपनहेगन किंवा स्टॉकहोमला अर्ध्या बाह्यांचा शर्ट पुरतो. जुलै 2018 मध्ये तर आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेला नॉर्वेत पारा 30 अंशांच्या वर गेला होता. सात-आठ दिवसांच्या एकाच प्रवासात हे सगळे भेटू शकते.

म्हणून जाणाऱ्यांनी एकच जाडजूड कोट घेऊन बॅग भरू नये. एक बारीक लोकरीची बनियन, एक हलका स्वेटर, टोपीसह असलेला खरा जलरोधक विंडचीटर, कानटोपी, हातमोजे आणि पायमोज्यांचा एक जादा जोड एवढे जवळच्या छोट्या बॅगेत ठेवावे. मोठी बॅग बोटीवर चढताना वेगळी जाते आणि खोलीत उशिरा येते, आणि कठड्याशी उभे राहून फ्योर्डमध्ये शिरताना पाहण्याची वेळ नेमकी तीच असते. बॅगेत जागा कमी पडली तर छत्री घरी राहू द्या. तिकडच्या वाऱ्यात ती पहिल्या झोतालाच उलटी होते.